डागडुजी केलेल्या सदनिकेचे मोल

धाराशिव शहरात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ज्या तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, त्यांतील आरंभीच्या सदनिका आता जुन्या झाल्या आहेत. आणि त्यांचे मालक, मग तो निवृत्त शिक्षक असो, जिल्हा परिषदेतील कर्मचारी असो, किंवा मुलाकडे पुण्यास कायमचे राहावयास निघालेले वृद्ध दांपत्य असो, घर विकावयास काढण्यापूर्वी त्याची डागडुजी करून घेऊ लागले आहेत. फरशी बदलली जाते, स्वयंपाकाच्या ओट्यावर ग्रॅनाइट बसते, न्हाणीघरास छतापर्यंत टाइल्स लागतात, दिवाणखान्यास पीओपीचे छत होते. आणि भाव सांगावयाची वेळ आली म्हणजे मूळ खरेदी, त्यावर झालेला खर्च व कोणा शेजाऱ्याकडून कानी आलेला ऐकीव दर या तिहींच्या मेळाने एक आकडा ठरतो. हा आकडा बहुधा टिकत नाही. घर महिनोन्महिने पडून राहते, दलाल बदलतात, आणि अखेरीस जो सौदा होतो त्यात मालकास आपण फसलो असे वाटत राहते. वस्तुतः त्यास कोणी फसविलेले नसते. घेणारा मनुष्य विक्रेत्याने केलेल्या खर्चाची भरपाई करावयास येत नाही. हे घर घेतल्याने आपला जो खर्च, जो त्रास आणि जी धास्ती वाचणार आहे, त्यांचेच मोल तो देतो, आणि मूल्यनिर्धारणाचे सारे शास्त्र या एका गोष्टीभोवती फिरते.

प्रथम घेणाऱ्याचा विचार केला पाहिजे, कारण पुण्यामुंबईच्या ग्राहकाहून धाराशिवचा ग्राहक निराळा आहे. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाल्यावर मोठी व्यापारपेठ तिकडे गेली, आणि धाराशिव हे मुख्यतः कचेऱ्यांचे, शाळा-महाविद्यालयांचे व दवाखान्यांचे गाव राहिले. येथे घर शोधणारे लोक दोन प्रकारचे असतात: बदलीवर येऊन येथेच स्थिरावणारे नोकरदार, आणि भूम, परंडा, कळंब, वाशी या तालुक्यांतून मुलांच्या शिक्षणासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी एक घर असावे अशी इच्छा धरणारी शेतकरी कुटुंबे. विद्यापीठाचे उपकेंद्र येथे पूर्वीपासून होते, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले, त्यामुळे या दुसऱ्या वर्गात वाढच होत आहे. नोकरदाराचा पैसा बँकेच्या कर्जातून येतो आणि बदल्यांच्या दिवसांत, म्हणजे मे-जूनमध्ये, त्याचा शोध तीव्र असतो. शेतकऱ्याचा पैसा सोयाबीन अडतीवर गेल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या पुढे, हाती येतो. श्रावणात घर विकावयास काढून ग्राहक येत नाही म्हणून भाव उतरविणारा मालक केवळ पंचांग न पाहिल्याचे नुकसान सोसतो.

भाव काढण्याच्या मान्य पद्धती तीन आहेत. पहिली, आसपास अशाच मिळकती खरोखर कितीस गेल्या हे पाहून तुलना करणे; दुसरी, तशी वास्तू आज उभारावयास येणाऱ्या खर्चातून तिच्या वयाप्रमाणे घसारा वजा करून त्यात जागेचे मूल्य मिळविणे; आणि तिसरी, मिळू शकणाऱ्या भाड्यावरून भांडवली किंमत काढणे. सदनिकेच्या बाबतीत पहिलीच पद्धत खरी उपयोगाची, कारण सदनिकेखालची जमीन कोणा एकाची नसते; अविभक्त हिश्श्याची किंमत वेगळी काढून दाखविणे कठीण जाते. भाड्याच्या पद्धतीचा उपयोग ताळा पाहण्यापुरता करावा. लहान शहरांत घरभाडे किमतीच्या मानाने फार थोडे येते, त्यामुळे त्यावरून काढलेला आकडा बाजाराहून खाली उतरतो.

तुलनेसाठी पुष्कळजण रेडी रेकनर पुढे करतात, आणि येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. रेडी रेकनर म्हणजे शासनाचे वार्षिक मूल्यदर तक्ते; ते नगररचना व मूल्यनिर्धारण विभाग तयार करतो. आर्थिक वर्षाच्या आरंभी, म्हणजे १ एप्रिलला, ते लागू होण्याचा प्रघात आहे, आणि त्यांचा हेतू मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी किमान आधार ठरविणे एवढाच आहे. त्यात विभागवार दर असतात, इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा असतो. परंतु आपण न्हाणीघर नवे केले की नाही याची त्यास दाद नसते. एकाच विभागात मोडणाऱ्या दोन इमारतींपैकी एकीस रोज पाणी मिळते आणि दुसरीस टँकर लागतो, हेही त्या तक्त्यास ठाऊक नसते. बाजाराचा भाव त्याच्या वर असू शकतो, क्वचित खालीही असतो. म्हणून तक्त्यातील दरास आपल्या घराची किंमत समजणे बरोबर नाही. पण तो दर माहीत नसताना सौदा करणे त्याहूनही घातक आहे, याचे कारण पुढे येईल.

खरा पुरावा मिळतो तो सूची क्रमांक २ या उताऱ्यात, ज्यास सर्वजण इंडेक्स-टू म्हणतात. नोंदणी झालेल्या प्रत्येक दस्ताचा हा एकपानी गोषवारा दुय्यम निबंधक कार्यालयातून अथवा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन शोधसेवेतून मिळू शकतो. वरून खाली वाचत गेले म्हणजे विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, भूमापन क्रमांक, पोटहिस्सा व घरक्रमांक, क्षेत्रफळ, आकारणी किंवा जुडी, लिहून देणार व लिहून घेणार यांची नावे, दस्त केल्याचा व नोंदल्याचा दिनांक, आणि शेवटी भरलेले मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क अशी ओळीने माहिती सापडते. मोबदल्याच्या ओळीत प्रत्यक्ष ठरलेली रक्कम असते आणि त्याच्या खालच्या ओळीत शासनाने धरलेले मूल्य असते. दोन्ही आकडे अगदी एकच दिसले तर कागदावर लिहिलेली रक्कम खऱ्या व्यवहाराची असेलच असे समजू नये. आपल्याच रस्त्यावरच्या, शक्यतो आपल्याच इमारतीतल्या, मागील दोन-तीन वर्षांतील अशा चार-पाच नोंदी समोर ठेवाव्यात आणि प्रत्येकीचा दर चटईक्षेत्रावर काढावा. स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्याने, म्हणजे रेराने, चटईक्षेत्राची व्याख्या निश्चित केली आहे: बाहेरच्या भिंती, बाल्कनी व उघडी गच्ची वगळून आतले वापरायोग्य क्षेत्र, आणि त्यात आतल्या आडभिंतींची जागा धरलेली. जुन्या दस्तांत मात्र बांधीव क्षेत्र, सुपर बिल्टअप क्षेत्र अशा नाना मापांची सरमिसळ असते, आणि एका दस्तातील ८५० चौरस फूट व दुसऱ्यातील ६५० चौरस फूट ही घरे मोजपट्टी लावल्यावर सारखीच निघू शकतात. म्हणून विक्रेत्याने आपले घर स्वतः, भिंतीपासून भिंतीपर्यंत, एकदा मोजावे.

आता नूतनीकरणाच्या मोलाकडे येऊ. समजा, अशा तुलनेवरून एखाद्या इमारतीतील न सुधारलेल्या सदनिकेची किंमत २२ लाख ठरते, आणि त्याच मजल्यावरील तशाच सदनिकेवर मालकाने ६ लाख खर्च केला आहे. मालकाच्या मनात २८ लाखांचा आकडा उभा राहतो. परंतु त्या ६ लाखांची फोड करून पाहा: वीजजोडणी, नळ व मलनिःसारणाचे पाइप, न्हाणीघराखालचे जलरोधन व गच्चीची दुरुस्ती यांवर पावणेतीन लाख, फरशी व ओटा यांवर पावणेदोन लाख, उरलेला दीड लाख छताच्या नक्षीवर, भिंतीवरच्या कागदावर आणि भिंतीत बसविलेल्या कपाटांवर. पहिल्या भागाची घेणाऱ्यास नितांत गरज असते. तो न झालेला असता तर घरात राहावयास येऊन भिंती फोडाव्या लागल्या असत्या, म्हणून तो सर्व परत मिळतो. दुसऱ्या भागात आवडीनिवडीचा प्रश्न येतो; निम्म्याच्या आसपास, म्हणजे नव्वद हजारांपर्यंत, मिळाले तरी पुष्कळ. तिसऱ्याचे जवळपास काहीच मिळत नाही, कारण दुसऱ्याने आपल्या हौसेने लावलेला रंग कोणीही पहिल्या दिवाळीस बदलतो. म्हणजे या घराची न्याय्य किंमत साडेपंचवीस लाखांच्या आसपास येते. साडेसव्वीस सांगून तेथवर उतरणे हा व्यवहार झाला. अठ्ठावीस सांगून वर्षभर कुलूप लावून ठेवणे, त्या काळातील घरपट्टी, नळपट्टी, देखभाल व पैशावरचे व्याज सोसणे, हा व्यवहार होत नाही. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, पण त्यांतील परस्परप्रमाण विचारात घेण्यासारखे आहे.

शिवाय कर्ज देणारी बँक आपला मूल्यांकनकार पाठविते, आणि तो छताच्या नक्षीकडे मान वर करून पाहतही नाही. इमारतीचे वय, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, चटईक्षेत्र आणि आसपासचे दर एवढे तो टिपतो. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँका मिळकतीच्या मूल्याच्या कमाल ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकतात, पण मूल्य म्हणजे त्यांच्या मूल्यांकनकाराने लिहिलेले. आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च सामान्यतः त्यात येत नाही. नोकरदार ग्राहकाजवळ रोख शिल्लक बेताची असते, तेव्हा बँकेचे मूल्यांकन आणि आपला भाव यांत जेवढे अंतर पडेल तेवढा तो ग्राहक आपल्यापासून दूर जातो.

या जिल्ह्यात घराचे मोल ठरविणाऱ्या गोष्टींत पाण्याचा क्रम फार वरचा आहे. २०१२-१३ आणि पुन्हा २०१५-१६ चे दुष्काळ ज्यांनी पाहिले, त्यांस हे सांगण्याचे कारण नाही. उजनी धरणातून जलवाहिनी आल्यावर शहराची स्थिती पुष्कळ सुधारली, तरी नळास पाणी काही दिवसांच्या अंतराने येण्याची सवय येथील गृहिणींस आहे, आणि म्हणून घर पाहावयास आलेल्या बाईंचा पहिला प्रश्न हौदाचा असतो. इमारतीचा जमिनीखालचा हौद किती लिटरचा, गच्चीवरील टाकी स्वतंत्र की सामाईक, विंधन विहिरीस चैत्र-वैशाखात पाणी राहते काय, मोटारीचे बिल कोण भरतो, या प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याने लेखी तयार ठेवावीत. तीस-चाळीस हजार रुपये खर्चून स्वतंत्र टाकी व चांगली जोडणी करून घेतली, तर त्या खर्चाइतका मोबदला देणारी दुसरी सुधारणा या गावात क्वचितच सापडेल.

पाण्याची दुसरी बाजू म्हणजे गळती. नूतनीकृत घरात हा दोष झाकला जाण्याची भीती असते, म्हणून जाणता ग्राहक नव्या टाइल्सकडे न पाहता खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छताकडे पाहतो; तेथे पिवळट वर्तुळे असली, अथवा भिंतीच्या पायथ्याशी गिलाव्यावर पांढरा लोणा फुललेला असला, तर वरच्या चकचकीत न्हाणीघराची किंमत तेथेच कमी होते. विक्रेत्याने ही परीक्षा आधी स्वतः घ्यावी. न्हाणीघराच्या मोरीचे तोंड चिंधीने घट्ट बंद करावे, जमिनीवर दोन बोटे पाणी साठवावे, आणि चोवीस तासांनी खाली जाऊन छतास हात लावून पाहावा. मग मोरी उघडून पाणी कोठे रेंगाळते ते पाहावे. कोपऱ्यात डबके राहिले तर फरशीचा उतार चुकला आहे. नाण्याने टाइल्सवर टिचकी मारीत गेले असता जेथे पोकळ, बद्द आवाज येतो तेथे खाली मसाला बसलेला नाही असे समजावे. संपत्ती हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याप्रमाणे, घेणाऱ्यास साध्या दक्षतेने कळणार नाही असा मिळकतीतील महत्त्वाचा दोष त्यास सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्यच आहे. रंगाखाली ओल दडविणे हा चतुरपणा मुळीच नाही.

भक्कमपणाविषयी या भागातील माणसास सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) या दोन जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे नेली. सास्तूरसारखी गावे एका क्षणात दगडामातीचे ढीग झाली, कारण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर माळवदाच्या मातीचा प्रचंड भार अशी ती घरे होती. तोवर या प्रदेशास भूकंपाचे भय जवळपास नाही असे मानले जाई. २००२ च्या सुधारित मानकात भूकंपक्षेत्रांची फेररचना झाली. भूकंपानंतर लोकांनी सिमेंट-लोखंडाच्या सांगाड्यावर विश्वास ठेवला, आणि तो योग्यच होता. परंतु त्या सांगाड्याचे बळ स्तंभ, तुळया आणि त्यांचे सांधे शाबूत राहण्यात आहे. नूतनीकरणाच्या भरात दिवाणखाना मोठा दिसावा म्हणून आडभिंत काढली तर बहुधा बिघडत नाही. पण पाइप नेण्यासाठी तुळईस भोक पाडणे, स्तंभाची कड तासणे, अथवा तळमजल्याच्या भिंती काढून तेथे दुकान थाटणे, ही कृत्ये साऱ्या इमारतीस दुबळी करतात. प्रादेशिक नियोजन व नगररचनेच्या १९६६ च्या कायद्याने केवळ आतल्या भागापुरत्या दुरुस्तीस परवानगीची अट घातलेली नाही. तथापि बाल्कनी बंद करून खोली वाढविणे अथवा गच्चीवर पत्र्याची शेड टाकणे त्या सवलतीत बसत नाही, आणि मंजूर नकाशाशी घर जुळले नाही की बँकेचे कर्ज तेथेच अडते. काम करण्यापूर्वी संरचना अभियंत्याकडून एक पत्र घेऊन ठेवावे. त्याची फी अल्प असते, आणि विक्रीच्या वेळी ते पत्र पीओपीच्या छतापेक्षा अधिक काम करते.

यानंतरचा विषय कागदपत्रांचा. आणि धाराशिवमध्ये तो सर्वांत नाजूक आहे, कारण हा मुलूख निजामाच्या राज्यातून १९४८ साली भारतात आला आणि १९५६ साली मुंबई राज्यास जोडला गेला. त्या राजवटीत पुष्कळ जमिनी इनाम दिलेल्या होत्या: कोणास निर्वाहासाठी मदतमाश, कोणास देवस्थानाच्या वा मशिदीच्या सेवेसाठी खिदमतमाश, आणि त्यांचे मुंतखब, म्हणजे इनामाचे दाखले, आजही वादांत पुरावा म्हणून पुढे येतात. १९५४ च्या हैदराबाद इनामे रद्द करण्याच्या कायद्याने मदतमाश जमिनी सरकारात घेऊन वहिवाटदारांस पुन्हा दिल्या, पण त्या हस्तांतरणाच्या निर्बंधासह, म्हणजे वर्ग २ म्हणून. पुढे शहर वाढले, अशा जमिनींवर प्लॉट पडले, प्लॉटांवर इमारती आल्या, आणि आज तिसऱ्या मजल्यावरील सदनिकाधारकास पहिल्यांदाच कळते की आपल्या पायाखालची जमीन वर्ग २ ची आहे. नजराणा भरून ती वर्ग १ करता येते. मदतमाश जमिनींपुरता हा नजराणा २०२४ च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला, हा मराठवाड्यातील असंख्य कुटुंबांस मिळालेला मोठा दिलासा आहे. खिदमतमाश जमिनीची गोष्ट वेगळी व कठीण. तेथे वकिलाच्या सल्ल्याविना एक पाऊलही टाकू नये.

जमिनीचा प्रकार निर्वेध असला तरी साखळी पाहावी लागते. नगरपरिषदेच्या कर आकारणी नोंदवहीतील नाव म्हणजे मालकी, हा समज फार रूढ आहे. ती नोंद कर कोणाकडून घ्यावयाचा हे सांगते, मालकी सांगत नाही. मालकीसाठी नोंदणीकृत दस्त, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, अकृषिक परवाना, मंजूर नकाशा आणि तीस वर्षांचा शोध अहवाल लागतो. मुद्रांकाच्या कागदावर नोटरीपुढे केलेले व्यवहार आणि निव्वळ मुखत्यारपत्राने झालेल्या ‘विक्री’ या मार्गांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. मूळ मालक वारला असेल तर सर्व वारसांच्या सह्या हव्यात, लेकींच्याही. बहिणीने द्यावयाचे हक्कसोडपत्र नोंदणीकृतच असले पाहिजे. लहान इमारतींत पुष्कळदा गृहनिर्माण संस्थाही स्थापलेली नसते आणि अपार्टमेंटचे घोषणापत्रही नोंदलेले नसते. जमीन कागदोपत्री बांधणाऱ्याच्या नावे तशीच राहते. अशा वेळी सर्व सदनिकाधारकांनी मिळून प्रथम संस्था स्थापावी आणि जमीन तिच्या नावे होण्यासाठी मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करावा, कारण त्यामुळे एकाचे नव्हे, इमारतीतील प्रत्येकाचे घर वधारते. २०२३ साली शहराचे व जिल्ह्याचे नाव बदलले, तेव्हा नव्या दस्तात ‘धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद)’ असा उल्लेख करवून घ्यावा; शोध घेणाऱ्यास पुढे घोटाळा होणार नाही.

आता रेडी रेकनरकडे परत यावे लागते. ठरलेल्या रकमेपैकी काही भाग कागदावर न आणण्याची रीत अजून गेलेली नाही, आणि तिच्यात विक्रेत्याचा लाभ आहे असे मानले जाते. प्रत्यक्षात शासकीय मूल्य दस्तातील रकमेपेक्षा १० टक्क्यांहून अधिक जास्त असले, तर आयकरासाठी शासकीय मूल्यच विक्रेत्याची विक्रीकिंमत धरली जाते, आणि तोच फरक घेणाऱ्याच्या उत्पन्नात मिळविला जातो. इसाराची रक्कम २० हजार वा त्याहून अधिक रोखीने घेणे हा स्वतंत्र नियमभंग होऊन तेवढाच दंड बसतो. उलट खरा आकडा लिहिणाऱ्यास कायदा मोकळा हात देतो. दोन वर्षांहून अधिक काळ जवळ असलेल्या घराच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे; २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरास, निवासी व्यक्तीपुरता, महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांचा जुना पर्यायही उपलब्ध आहे. घरात केलेल्या स्थायी सुधारणांचा खर्च या नफ्यातून वजा होतो, मात्र पावत्या हव्यात. मिस्त्रीस हातोहात दिलेले पैसे हिशेबात दाखविता येत नाहीत. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे राहते घर घेतले तर नफ्यावरील कर माफही होऊ शकतो.

सौद्याचा क्रम साधा आहे: इसारपावती, साठेखत, खरेदीखत. साठेखताने मालकी जात नाही, पण साठेखताबरोबर ताबा दिला तर मुद्रांक शुल्क खरेदीखताप्रमाणेच लागते; म्हणून पूर्ण मोबदला खात्यात जमा होईपर्यंत किल्ली हातात ठेवावी. सही झालेला दस्त चार महिन्यांच्या आत नोंदवावा लागतो. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३० हजार रुपये. आणि राहते घर महिलेच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत २०२१ पासून आहे, हे विक्रेत्यानेच ग्राहकास सांगितले तर घासाघीस पुष्कळ सौम्य होते. दस्त झाल्यावर नगरपरिषदेतील नाव व विजेचे मीटर बदलून देण्यास, आणि घरपट्टी-नळपट्टीची बेबाकी मिळवून देण्यास आपणहून सोबत जावे.

ज्यांना येत्या दिवाळीनंतर घर विकावयाचे आहे, त्यांनी रंगाऱ्यास बोलावण्यापूर्वी एक सकाळ दुय्यम निबंधकांच्या कचेरीत व नगर भूमापन कार्यालयात घालवावी, आपला सूची क्रमांक २ व मालमत्ता पत्रक हाती घ्यावे, आणि त्यात काही उणे आढळल्यास छतासाठी राखून ठेवलेला पैसा प्रथम तिकडे लावावा.